पेट्रोलची पिकअप विकून डिझेलची घ्यावी का? आधी वही उघडा

मालेगाव, धुळे, भिवंडी, इचलकरंजी अशा यंत्रमागाच्या गावांत आता छोट्या व्यापाऱ्याच्या दारातही स्वतःची पिकअप उभी दिसते. पूर्वी हातगाडी, लोडिंग रिक्षा किंवा भाड्याचा टेम्पो यांवर काम भागत असे. स्वतःची गाडी आली तशी सोयही झाली आणि पंपावरचा रोजचा खर्चही मागे लागला. ज्यांच्याकडे पेट्रोलची गाडी आहे ते हल्ली एकमेकांना एकच प्रश्न विचारतात, की ही विकून डिझेलची घ्यावी का?

हा प्रश्न आमच्याही पेढीवर आला. आमचा मालेगावात कापडाचा कारोबार आहे. चार वर्षे जुनी पेट्रोलची पिकअप आहे. आमच्या भाच्याचे म्हणणे, "मामू, पेट्रोलवर पैसे जाळण्यापेक्षा डिझेलची घेऊ, दोन वर्षांत वसूल होईल." ड्रायव्हरचेही मत तेच. आम्ही म्हटले, वसूल होईल की नाही हे वही सांगेल. वर्षभराच्या पावत्या काढल्या, ओळखीच्या मेस्तरीला बोलावले आणि हिशेब मांडला. तो इतर बंधूंच्याही कामी येईल म्हणून येथे देत आहोत.

प्रश्न एक नाही, दोन आहेत

पहिला प्रश्न असा की आत्ता गाडी बदलायची गरज आहे का? दुसरा असा की बदलायचीच असेल तर कोणती घ्यावी? बाजारात हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारले जातात आणि तिथेच हिशेब चुकतो. नवी गाडी घ्यायची वेळ आलेल्या माणसाला पेट्रोल आणि डिझेल यांच्या किमतीतला फरकच मोजायचा असतो. चालती गाडी विकून दुसरी घेणाऱ्याला मात्र जुन्याची आलेली किंमत आणि नव्याची पूर्ण किंमत यांतला फरक मोजावा लागतो. पहिला फरक लाख-सव्वालाखाचा असतो, दुसरा पाच-सहा लाखांचा.

डिझेल स्वस्त, हा समज कुठून आला?

आमच्या पिढीच्या मनात डिझेल म्हणजे स्वस्त हे पक्के बसले आहे, आणि त्याला कारण आहे. अनेक वर्षे दोन्हींचे भाव सरकार ठरवत असे. शेती, एसटी आणि मालवाहतूक डिझेलवर चालते म्हणून त्याचा भाव मुद्दाम खाली ठेवला जाई. २०१० च्या जूनमध्ये पेट्रोलचा भाव मोकळा झाला, डिझेलचा मात्र बांधलेलाच राहिला. त्यामुळे २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेले असताना डिझेल ४१ च्या आसपास होते. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक! त्या काळात ज्याने डिझेलची गाडी घेतली त्याला हिशेब करायची गरजच नव्हती.

पुढे २०१३ च्या जानेवारीपासून डिझेलचा भाव दरमहा थोडा थोडा वाढवण्यात आला आणि २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये तोही मोकळा झाला. तेव्हापासून दोन्हींतला फरक कमी होत गेला. २०२० च्या जूनमध्ये तर दिल्लीत काही काळ डिझेल पेट्रोलपेक्षा महाग विकले गेले, कारण तेथील राज्य कर वाढला होता. सांगायचे इतकेच की फरक आज जो आहे तोच पाच वर्षे राहील असे धरून गाडी घेऊ नये. तो कराच्या एका आदेशाने बदलतो.

इंजिनातला खरा फरक

भावाचा फरक घटला तरी डिझेलची गाडी कमी इंधनात जास्त चालते, हे आजही खरे आहे. त्याची कारणे दोन. एक, लिटरमागे डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण १० ते १२ टक्के जास्त ऊर्जा असते. दुसरे, डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. तिथे हवाच १६ ते १८ पट दाबली जाते, ती इतकी तापते की आत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. पेट्रोलच्या साध्या इंजिनात हा दाब साधारण ९ ते ११ पट असतो. दाब जास्त म्हणून त्याच इंधनातून काम जास्त निघते.

दुसरा फायदा ओढीचा. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवरही जोर देते. भरलेली गाडी चांदवडकडे राहुड घाटात चढवताना पेट्रोलची गाडी खालच्या गिअरमध्ये ओरडते, डिझेलची त्यामानाने शांतपणे चढते. ज्याचा माल जड आहे आणि रस्ता चढाचा आहे, त्याच्यासाठी ही ओढ महत्त्वाची.

मात्र डिझेल इंजिनाला जास्त दाब सोसायचा असतो म्हणून ते जाड आणि महाग असते. त्याचे ऑइल जास्त लागते, फिल्टर महाग असतो, टर्बो असतो. इंधन फवारणाऱ्या नोझलमध्ये एक हजार बारहून अधिक दाब असतो. त्यात पाणी किंवा कचरा गेला तर दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूस खाली बसतो. रस्त्याकडेच्या टाकीतून 'बायोडिझेल' म्हणून मिळणारे स्वस्त तेल जुन्या मॅटाडोरने कदाचित पचवले असते. नव्या गाडीत ते घालू नये.

आमच्या वहीतला हिशेब

आता आकडे. आम्ही पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरले. वाचकांनी आपल्या पंपावरचा त्या दिवसाचा भाव घालावा. आमची पेट्रोलची गाडी भरलेली-रिकामी मिळून लिटरला १३ किलोमीटर देते. त्याच वजनाची डिझेलची गाडी ज्यांच्याकडे आहे अशा दोघांच्या वहीवरून आम्ही १६ धरले. कंपनीच्या कागदावरचा ॲव्हरेज धरू नये, तो रिकाम्या आणि सपाट रस्त्यावरचा असतो.

पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ८ रुपये आला. डिझेलचा ५ रुपये ६९ पैसे. म्हणजे प्रत्येक किलोमीटरमागे २ रुपये ३१ पैसे वाचतात.

नव्या गाड्यांच्या किमतीत डिझेलला १,२०,००० रुपये जास्त पडतात असे धरले. गाडी पाच वर्षे वापरायची तर वर्षाला २४,००० झाले. मेस्तरीच्या अंदाजाने ऑइल, फिल्टर आणि इतर देखभालीचा जादा खर्च वर्षाला ९,००० रुपये. एकूण ३३,०००. हे ३३,००० रुपये किलोमीटरला २ रुपये ३१ पैशांनी वसूल करायचे तर वर्षाला सुमारे १४,३०० किलोमीटर गाडी चालली पाहिजे. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर रोजचे ४८ किलोमीटर.

ज्याची गाडी गावातल्या गावात रोज २५ किलोमीटर फिरते, त्याचे वर्षाला इंधनात १७,३०० रुपये वाचतील आणि जादा खर्च ३३,००० होईल. म्हणजे डिझेल घेऊन त्याला वर्षाला पंधरा हजारांहून अधिक तोटा. ज्याची गाडी रोज ९० किलोमीटर चालते, त्याचे ६२,००० वाचतील आणि खर्च वजा जाऊन २९,००० हातात राहतील. एकाच बाजारातले दोन व्यापारी, एकच गाडी, आणि एकाला नफा तर दुसऱ्याला तोटा. म्हणून शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घेऊ नये.

भावाचा फरक घटला तर काय होते तेही पाहिले. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९९ झाले तर किलोमीटरची बचत १ रुपया ८१ पैशांवर येते. मग रोज ४८ ऐवजी ६१ किलोमीटर चालल्याशिवाय डिझेल परवडत नाही.

चालती गाडी विकायची तर

आमची गाडी गेल्या वर्षी २४,०६० किलोमीटर चालली. नाशिकची दर आठवड्याची फेरी जाऊन-येऊन २१० किलोमीटर, अशा ५०. धुळ्याच्या १०० किलोमीटरच्या ५०. बाकी १७६ दिवस साइझिंग, रंगाई आणि ट्रान्सपोर्ट यांच्या गल्लीतल्या फेऱ्या, रोजच्या २० किलोमीटरच्या. याशिवाय नाशिकच्या २४ फेऱ्या 'अर्जंट' म्हणून झाल्या. गिऱ्हाइकाचा फोन आला, चार तागे कमी पडले, की गाडी निघाली.

एवढ्या किलोमीटरवर डिझेलने वर्षाला सुमारे ५५,५०० रुपये वाचतील, देखभालीचे ९,००० वजा जाता ४६,५००. आमची गाडी विकली तर साधारण अडीच लाख येतील, नवी डिझेलची साडेआठ लाखांना पडेल असे धरले. म्हणजे खिशातून सहा लाख. ४६,५०० रुपयांच्या बचतीने सहा लाख फिटायला जवळपास तेरा वर्षे लागतात! नवी गाडी जास्त वर्षे चालेल हे खरे. पण दोन वर्षांत वसूल होईल, हे म्हणणे कुठेच बसत नाही.

मग त्या अर्जंट २४ फेऱ्यांकडे आमचे लक्ष गेले. ५,०४० किलोमीटर, किलोमीटरला ८ रुपये, म्हणजे ४०,३२० रुपयांचे पेट्रोल. टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. यातल्या बहुतेक फेऱ्यांत गाडी अर्धीही भरलेली नव्हती. थोडक्यात, सहा लाख घालून डिझेल जे देणार होते, त्यातले चाळीस हजार एक रुपयाही न घालता मिळू शकतात. त्यासाठी नाशिकच्या गिऱ्हाइकांना मंगळवारपर्यंत ऑर्डर द्या एवढेच सांगायचे होते, आणि अडल्या वेळी चार तागे ट्रान्सपोर्टने पाठवायचे होते.

नव्या डिझेल गाडीचा एक स्वभाव

२०२० च्या एप्रिलपासून देशात बीएस-६ च्याच नव्या गाड्या विकल्या जातात. या नियमानंतर डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी पकडणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, आली. ही जाळी काजळीने भरली की गाडी स्वतःच ती जाळून साफ करते. त्यासाठी मोठी उष्णता लागते आणि ती गाडी सलग वेगाने चालली तरच तयार होते. जी गाडी दिवसभर गल्लीत चालू-बंद, चालू-बंद होते, तिची जाळी भरत जाते. मग समोर दिवा लागतो, गाडीचा जोर कमी होतो आणि शेवटी वर्कशॉप गाठावे लागते. साफ करण्यासाठी जादा फवारलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ होते, हा आणखी एक त्रास.

आमच्या ओळखीच्या एका साइझिंगवाल्याची गाडी दिवसभरात सहा-सात किलोमीटर फिरते, तीही दहा ठिकाणी थांबत. त्याला हा दिवा महिन्याआड दिसतो. आमच्यासारख्याची गाडी आठवड्यातून दोनदा महामार्गावर तासभर धावते, तिला हा त्रास कमी होईल. म्हणजे नुसते रोजचे सरासरी किलोमीटर पाहून भागत नाही, ते कोणत्या रस्त्याचे आहेत हेही पाहावे लागते.

काही डिझेल गाड्यांत धूर साफ करण्यासाठी डीईएफ नावाचे वेगळे पाणीही भरावे लागते. त्यात साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया असतो. शेताच्या गोणीतला युरिया पाण्यात कालवून टाकणारेही आम्ही पाहिले आहेत. त्याने यंत्रणा कायमची बिघडते. गाडी घेण्याआधी तिला हे पाणी लागते का, आणि आपल्या गावात ते मिळते का, एवढे विचारावे.

पेट्रोलचे आणि गॅसचेही ऐका

पेट्रोलची बाजूही पूर्वीसारखी राहिलेली नाही. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचले. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे ॲव्हरेज थोडा घटतो. जुन्या वहीतला ॲव्हरेज न धरता गेल्या तीन महिन्यांचा धरावा. गाडी २०२३ च्या आधीची असेल तर रबरी नळ्या आणि फिल्टर मेस्तरीकडून एकदा पाहून घ्यावेत.

बाजारानेही आपला कल दाखवला आहे. २००५ मध्ये टाटांची एस आली, जिला आपण छोटा हाथी म्हणतो, ती डिझेलवरच आली होती. आज तिचे पेट्रोल, सीएनजी आणि बॅटरीचेही प्रकार मिळतात. मारुतीची सुपर कॅरी २०१६ मध्ये डिझेलवर आली, पुढे तिचे डिझेल बंद होऊन पेट्रोल आणि सीएनजी राहिले. टन-दीड टनाच्या वरच्या पिकअपमध्ये मात्र डिझेलचा जोर कायम आहे. याचा अर्थ आमच्या मते असा की हलका माल आणि जवळचा फेरा पेट्रोल-गॅसकडे गेला, जड माल आणि लांबचा फेरा डिझेलकडे राहिला.

सीएनजी घेणाऱ्याने तीन गोष्टी मोजाव्यात. टाकीचे वजन मालाच्या वजनातून जाते, टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करावी लागते, आणि पंपावरच्या रांगेत गेलेला तास हा ड्रायव्हरच्या पगाराचा तास असतो.

पैसा गाडीत की मालात?

छोट्या व्यापाऱ्यासाठी सर्वांत मोठा प्रश्न इथे आहे. सहा लाख रुपये गाडीत गेले की ते सुतात आणि कापडात नाहीत. ईदच्या आधीचे दोन महिने आणि लग्नसराई हा आपला हंगाम. त्या वेळी रोख असेल तर कोरे कापड भाव पाहून घेता येते, मागवाल्यांची आठवड्याची मजुरी वेळेवर देता येते. रोख नसेल तर उधारीवर चढ्या भावाने घ्यावे लागते. वर्षातून दोनदा तीन लाखांच्या मालावर आठ टक्के सुटले तरी ४८,००० होतात. डिझेलची बचत याहून जास्त नाही.

आपल्यातले अनेक जण व्याजाच्या हप्त्यावर गाडी घेत नाहीत. त्यांना तर सगळी रक्कम रोख काढावी लागते, म्हणून त्यांनी हा हिशेब अधिकच बारकाईने करावा. जे हप्त्यावर घेतात त्यांनी हप्त्यांची बेरीज मांडावी. किमतीच्या वर जे जाते ते डिझेलच्या बचतीतून वजा करावे.

कराचीही एक बाजू आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ज्यांची नियमित नोंदणी आहे आणि गाडी धंद्यासाठीच घेतली आहे, त्यांना मालवाहू गाडीवर भरलेल्या कराची वजावट मिळते. कंपोझिशनमध्ये असणाऱ्यांना ती मिळत नाही. पेट्रोल आणि डिझेल दोन्ही जीएसटीच्या बाहेर आहेत, त्यामुळे पंपावरच्या पावतीची वजावट कोणालाच नाही. आपल्या कर सल्लागाराला विचारूनच बिल कोणाच्या नावाने घ्यायचे ते ठरवावे.

आणखी एक. डिझेलची ओढ जास्त म्हणून माल जास्त भरण्याचा मोह होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनाचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असा आहे. अशा एका पावतीत वर्षाची अर्धी बचत निघून जाते.

आम्ही काय ठरवले

आमची पेट्रोलची गाडी आम्ही विकणार नाही. इंजिन चांगले आहे, पासिंग चालू आहे. आठ वर्षांनंतर पासिंग दोन वर्षांऐवजी दरवर्षी करावे लागते, त्या सुमारास पुन्हा विचार करू. अर्जंट फेऱ्या बंद केल्या. आता वर्षाला सुमारे १९,००० किलोमीटर होतील. नवी घ्यायची वेळ येईल तेव्हा आजच्या भावाने डिझेल आम्हाला वर्षाला दहा-अकरा हजार देईल. नाशिकचे गिऱ्हाईक टिकले आणि भावाचा फरक राहिला तर डिझेल घेऊ. दोन्हींतले एक जरी हलले तर पेट्रोलच घेऊ. भाचा आधी नाराज झाला. पण आता गाडीची वही तोच लिहितो आणि परवा त्यानेच एक फेरी रद्द करून माल ट्रान्सपोर्टला दिला.

बंधूंनी एवढे करावे. तीन महिने गाडीत एक छोटी वही ठेवावी. रोजचे किलोमीटर, भरलेले इंधन, कुठे गेली आणि किती भरून गेली हे चार रकाने पुरे. शेवटी आधी हे पाहावे की कोणत्या फेऱ्या नको होत्या. त्या काढून उरलेले किलोमीटर रोज ५० च्या खाली असतील तर पेट्रोल बरे. ७०-८० च्या वर आणि तेही मोठ्या रस्त्याचे असतील, माल जड असेल आणि गाडी तशीही बदलायची असेल, तर डिझेल जरूर घ्यावे. मधल्या आकड्यावर असाल तर घाई करू नका, पुढच्या हंगामाचे सूत आधी घ्या.